जॅकवर कोण होतं?

ही गोष्ट खरी आहे असं मी म्हणणार नाही. ते सगळेच म्हणतात.

मी एवढंच सांगतो की माझ्या सख्ख्या भावाला आज उजवा कान नाही, आणि तो कसा गेला याचं पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. फोटो मागू नका. वहिनीने मनाई केली आहे.

आणखी एक. या गोष्टीत रात्र नाही. वीज गेली नाही, कुत्री रडली नाहीत, पांढऱ्या साडीतली कुणी आली नाही. जे घडलं ते रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, लख्ख उन्हात घडलं. ज्या वेळी भुतंसुद्धा जरा आडवी होत असावीत.

जागा म्हणजे दादाच्या घरामागची पत्र्याची शेड. शेडमध्ये बाबांची जुनी गाडी. बाबा गेले, गाडी राहिली. पुढची चाकं काढलेली, नाक विटांवर टेकलेलं. लांबून बघितलं तर गाडी औषध घ्यायला तोंड उघडून बसली आहे असं वाटायचं.

"एक तर ही गाडी चाकांवर येऊ दे," वहिनी म्हणाली होती, "नाहीतर मी माहेरी जाते. तेसुद्धा बसने."

दादाला दोन्ही गोष्टी मनाला लागल्या. बसची जास्त.

गाडीचं मागचं सगळं ठीक होतं. पुढचं सस्पेन्शन मात्र गंजून पापडासारखं झालं होतं. खालचे आर्म, म्हणजे चाक धरून ठेवणारे लोखंडी हात, नुसत्या बोटांनी मोडत होते. हे पार्ट आता कुठे बनत नाहीत. म्हणजे शोधायचे, आणि मिळाले तर घासूनपुसून, सांध्यांत नवे रबरी बुश घालून पुन्हा उभे करायचे.

आता पुढचं कळायला हवं असेल तर एक गोष्ट समजून घ्या. सोपी आहे.

या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकामागे एक जाडजूड स्प्रिंग असते. मांडीएवढी. ती कायम दाबलेली असते. ती काढायची तर खालच्या आर्मला जॅक लावायचा, आर्म चाकाला जोडणारा बॉल जॉइंट हातोडीने ठोकून सोडवायचा आणि मग जॅक हळूहळू खाली आणायचा. जॅकचा दांडा डावीकडे पिळला की तो उतरतो. हळू पिळला तर स्प्रिंग अंग सैल करत बाहेर येते. एकदम पिळला तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते, आणि समोर जे असेल ते घेऊन जाते.

समोर सहसा माणसाचं तोंड असतं.

म्हणून बाबांनी आम्हाला एक नियम लावला होता. जॅकवरच्याने विचारायचं, "सोडू?"

स्प्रिंगपाशी असलेल्याने हात, डोकं, सगळं बाजूला घ्यायचं आणि म्हणायचं, "सोड."

मगच दांडा पिळायचा. आणि हा शब्द शेडमध्ये दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही. "तो विषय सोड" असंसुद्धा म्हणायचं नाही. लहानपणी मी एकदा "दादा, माझी शेंडी सोड" म्हणालो होतो, तर बाबांनी दोघांनाही धुतलं. शेंडी धरणाऱ्याला कमी, मला जास्त.

तर... आम्ही पार्ट शोधत होतो.

खूप फिरल्यावर गावाबाहेरच्या एका भंगारवाल्याकडे तशीच एक गाडी सापडली. बाकी सगळी चेपलेली. पण पुढचा सांगाडा धडधाकट. दोन्ही आर्म, दोन्ही स्प्रिंगा, सगळं जागच्या जागी. दादाने तो बघितला आणि त्याचा चेहरा वहिनीला पहिल्यांदा बघितल्यासारखा झाला.

"स्प्रिंगा इथेच काढून देता का?" मी विचारलं.

"नाही." भंगारवाला म्हणाला. "अख्खा सांगाडा न्या. तसाच."

"अहो, वजन किती होईल!"

"उचलायला माणसं देतो. टेम्पो देतो. पण इथे काढायचं नाही."

"का?"



"कंटाळा," म्हणाला.

त्याचा कुत्रा आमच्यावर भुंकत होता. साखळी खुंट्यात अडकली होती. भंगारवाला आपल्या माणसावर ओरडला, "अरे, त्याला मोकळं कर!" दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, कुत्र्याला सोड. मला ते तेव्हा जाणवलं नाही. आता जाणवतं... बरंच काही आता जाणवतं.

सांगाडा घरी आला. गाडीचं वजन वर असल्याशिवाय ती स्प्रिंग दाबून धरता येत नाही, म्हणून आधी सांगाडा आमच्याच गाडीखाली बसवला. विटा काढून लोखंडी घोड्या लावल्या. पुढच्या रविवारी एकेक बाजू सोडवायची, साफ करायची, पुन्हा बसवायची, असं ठरलं.

त्या आठवड्यात शेडमधून आवाज यायचा.

कर्रर्र...

दाबलेली स्प्रिंग कधी कधी बोलते. ऊन लागलं की लोखंड कुरकुरतं. दादा म्हणाला, "नवीन घरी आल्यावर कुणालाही झोप लागत नाही."

वहिनी म्हणाली, "पण ती कुरकुर झाली की पाठोपाठ कुणीतरी श्वास टाकतं."

दादा म्हणाला, "मीच असेन. तू माहेरचा विषय काढला असशील."

रविवार उजाडला. आम्ही जेवलो. उजवी बाजू आधी घेतली.

दादाने स्प्रिंगमधून एक साखळी ओवली आणि चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या चौकटीला, बांधली. उडालीच तर लांब जाऊ नये म्हणून. मी जॅकपाशी मांडी घालून बसलो. मला तिथून दादा दिसत नव्हता, फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. नट निघाला. हातोडीचे घाव पडले.

टक्.

जॉइंट सुटला. आता सगळा भार माझ्या जॅकवर.

मी दांडा धरला. "सोडू?"

"सोड."

लगेच. स्वच्छ. दादाचाच आवाज.

मी मनगट वळवणार, तेवढ्यात...

"बारक्या, चहात साखर किती?"

दादा शेडच्या दारात उभा होता. हातात दोन कप. पायांत काही नाही.

चपला चाकापाशी होत्या. रिकाम्या.

"तू... आत्ता सोड म्हणालास?"

"मी आतमध्ये दूध उतू जाऊ देत होतो. का रे?"

मी दांडा हळूच उजवीकडे आवळला आणि बाजूला झालो. दादाला सांगितलं. तो हसला. मग त्याने चाकामागे वाकून बघितलं... आणि हसायचा थांबला.

साखळी नव्हती.

बांधलेली साखळी. जिच्या हुकला त्याने स्वतः पाना मारला होता. ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती. घडी घालून. आमच्या घरात घडी घालणारं माणूस एकच, वहिनी, आणि ती माजघरात झोपली होती.

कुणीही शहाणा माणूस इथे काम थांबवेल. पण जॉइंट सुटलेला होता. सगळा ताण एका जुन्या जॅकवर. तसं ठेवून निघून जाणं म्हणजे शेडमध्ये पिन काढलेला बॉम्ब ठेवून सिनेमाला जाणं. ती स्प्रिंग एक तर काढायची होती, नाहीतर परत बंद करायची होती.

"शब्द बदलू," दादा म्हणाला.

"काय?"

"सोड नको. असा शब्द घेऊ जो कुणी उगाच म्हणणार नाही."

आम्ही दोघांनी विचार केला. गंभीरपणे. दोन मोठी माणसं, दाढी वाढलेली, शेडच्या दारात, तोंडं अशी की घरात कुणी आजारी आहे.

"भोपळा," मी म्हणालो.

"चालेल," दादा म्हणाला.

माझ्या भावाचा जीव वाचवणारा शब्द भोपळा होता. हे लिहितानाही मला लाज वाटते.

त्याने साखळी पुन्हा ओवली. मी जागेवर बसलो. पण या वेळी थोडा सरकून, म्हणजे मला दादाचं तोंड दिसेल असा.

तो वाकला. साखळी नीट आहे ना ते चाचपायला त्याने हात आत घातला...

कर्रर्र...

आणि दादाचं डोकं फाटकन आत ओढलं गेलं.

कपाळ स्प्रिंगवर आदळलं. खण्ण! मागे आलं. पुन्हा आत. खण्ण! कुणीतरी नारळ फोडत असावं तसं. त्याची कॉलर मागून ताठ उभी राहिली होती. कापडात एका मुठीच्या चुण्या पडल्या होत्या.

मूठ नव्हती.

"सोड!" दादा किंचाळला. "अरे सोड! सोड मला, सोड!"

वर्षानुवर्षांची सवय. माझ्या मनगटाला तो शब्द कळतो, अर्थ कळत नाही. दांडा माझ्या हातात डावीकडे वळायला लागला. मी तो घट्ट धरला. तरी वळत होता... तेव्हा कळलं, मी एकटा वळवत नाहीये. माझ्या मुठींवर आणखी दोन मुठी होत्या. थंड. ग्रीस लागलेल्या.

खण्ण! रक्त उडून माझ्या चष्म्यावर आलं.

आणि माझ्या कानापाशी, अगदी शांतपणे, दादाच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं...

"भोपळा."

दादाचं तोंड मला समोर दिसत होतं. त्यात रक्त होतं, तुटलेला दात होता, आणि किंकाळी होती. भोपळा नव्हता.

मी दांडा पिळला नाही. जॅकमधून उपसून काढला. सगळा जोर लावून. आणि तो दोन्ही हातांनी दादाच्या कॉलरमागच्या रिकाम्या हवेत घातला.

हवेला लागला नाही.

ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज आला. मी पुन्हा मारला. आणखी मारला. शिव्या दिल्या, ज्या मला येतात हे मला माहीत नव्हतं. दांड्याच्या टोकाला काहीतरी मोडल्याचं जाणवलं, काडकन... आणि कॉलर फाटली. दादा मागे कोसळला.

जॅकमध्ये दांडा नव्हता. जवळ कुणी नव्हतं. तरी ज्यावर दांडा बसतो तो जॅकचा बारका खिळा माझ्या डोळ्यांदेखत डावीकडे फिरला.

फुस्स्स...

मग जो आवाज झाला तो मला सांगता येणार नाही. शेडच्या छताला भोक पडलं. साखळीचे तुकडे भिंतींवर नाचले. स्प्रिंग पत्र्यात अर्धी घुसून थरथरत राहिली. दादा जमिनीवर पडला होता, एक हात डोक्याला लावून, आणि बोटांतून रक्ताची धार लागली होती.

हात काढला तर तिथे कान नव्हता.

शोधला आम्ही. वहिनीनेही शोधला, रडत, टॉर्च घेऊन, लख्ख उन्हात. मिळाला नाही. शेजाऱ्यांच्या मांजरावर मला आजही संशय आहे, पण पुरावा नाही.

दादाला हॉस्पिटलमध्ये ठेवलं. कपाळाला टाके, कानाला पट्टी. डॉक्टर म्हणाले, त्या बाजूने आता काही ऐकू येणार नाही. तो घरी आला, आणि मी एका दुपारी भंगारवाल्याकडे गेलो.

बोलायला गेलो होतो. खरंच. पण तो खुर्चीवर बसून शेंगदाणे खात होता आणि मला बघून म्हणाला, "काय, बसलं का सगळं?"

मी त्याची कॉलर धरली आणि त्याला गाडीच्या दारावर आपटला. शेंगदाणे उडाले.

"हात काढ!" तो ओरडला. "हात काढ! बाजूला कर हात!"

मी थांबलो.

"सोड म्हण की," मी म्हणालो. "कुणीही सोड म्हणेल. तू का म्हणत नाहीस?"

 एवढा आडदांड माणूस, मिशा ओल्या झाल्या.

मग त्याने सांगितलं. त्या सांगाड्यावर आधी त्याच्या मिस्त्रीने काम केलं होतं. मिस्त्री अचानक "सोड, सोड" ओरडला. जॅकवरच्याने सोडला. स्प्रिंगने मिस्त्रीचा जबडा नेला. दुसऱ्या दिवशी तो गेला. जाण्याआधी पाटीवर खडूने लिहून गेला, जॅकवर मालकाचा, म्हणजे या भंगारवाल्याचाच, मेहुणा होता.

"मेहुण्याला आम्ही बदडला," भंगारवाला म्हणाला. "पार दात पाडले. मग कळलं, तो त्या वेळी इथे नव्हताच. दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. एक दात काढायला."

"मग?"

"मग काय. एक त्याने काढला, बाकीचे आम्ही."

आम्हा दोघांना हसायचं होतं. हसू आलं नाही.

"मिस्त्रीच्या शर्टाची कॉलर मागून फाटली होती," तो हळूच म्हणाला. "मागे कुणी नव्हतं. जॅकवर कुणी नव्हतं. अहो, ते जे काय आहे ना... त्याला माणूस लागतो. स्प्रिंग एकट्याने बसवता येत नाही ना."

"सांगायचं नाही होय आधी?"

"सांगितलं असतं तर नेलं असतं का तुम्ही?"

मी तिथून तडक दादाकडे आलो. ठरवलं होतं, सांगाडा कापायचा, तुकडे करायचे, नदीत टाकायचे.

शेडचं दार उघडं होतं.

गाडीचं नाक वर आलं होतं. उजव्या बाजूला चाक होतं. स्प्रिंग बसवलेली होती. घासलेली, काळा रंग दिलेली. आर्मला नवे बुश घातलेले. रंग अजून ओला होता. छताला नुसतं भोक.

दादा पट्टी बांधलेल्या डोक्याने पाने पुसत होता. चेहरा समाधानी.

"दादा... ही कुणी बसवली?"

"कुणी म्हणजे? आत्ता दुपारी आपणच नाही का बसवली!"

"आपण?"

"डोक्यावर पडलास का? पडलो मी होतो." तो हसला. "तुझं मात्र कौतुक हं बारक्या. प्रत्येक वेळी किती शांतपणे विचारलंस. घाई नाही, काही नाही."

जॅकपाशी चहाचा कप होता. रिकामा. दांड्यावर ग्रीसचे पंजे उमटले होते. मी माझा हात त्यावर ठेवून बघितला... बरोबर बसला.

मी काहीतरी बोललो असेन. आठवत नाही. घरी जायला वळलो, तर दादा स्कूटरची किल्ली शोधत म्हणाला, "थांब की. सोडू तुला घरी?"

मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

दादाने मान तिरकी केली. उजवीकडे. जिकडे आता कान नाही तिकडे. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा. मग हसून म्हणाला, "हां. मग बस की."

मी पळालो. बसने. वहिनीच्या भाषेत, तेसुद्धा बसने.

गेल्या रविवारी, जेवण झाल्यावर, मी माझ्या खोलीवर होतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला. फोन वाजला. वहिनी.

"भाऊजी, चहा टाकलाय. तुमचा कप तिथेच शेडमध्ये राहिलाय, येताना घेऊन या. मला गॅसपासून हलता येत नाही, म्हणून आपला फोन केला."



"वहिनी... दादा काय करतोय?"

"हे काय विचारणं? डावी बाजू काढताय ना तुम्ही दोघं. सकाळपासून."

तिच्या मागे, लांबून, मला ऐकू आलं...

टक्.

जॉइंट सुटला होता.

मग एक आवाज. शांत, घाई नसलेला. तो आवाज मी टेपवर ऐकला आहे, म्हणून ओळखला. माझा होता.

"सोडू?"

"वहिनी, दादाला सांगा, थांब म्हण! थांब म्हणा त्याला!"

बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. आमच्या नियमात सोडायला शब्द होता. भोपळासुद्धा होता. थांबायला शब्दच नव्हता. बाबांना कधी वाटलंच नसेल की लागेल.

"थांब म्हणू?" वहिनी गोंधळली. "कुणाला? तुम्हाला?"

"दादाला बाहेर बोलवा! काहीही करा! आत्ता!"

माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक. वहिनीने फोन ठेवला नाही, खाली टाकला. आणि मग मी तिचा तो आवाज ऐकला, ज्याला घाबरून दादा लग्नानंतर एकदाही जेवायला उशिरा आलेला नाही.

"अहो! असतील तसे इकडे या!"

चपलांचा आवाज. फटक फटक फटक. "काय गं, काय झालं?" दादाचा.

त्याच्या मागे पत्रा फाटला. फोनमधूनही माझा कान बधिर झाला. शेडच्या छताला आता दोन भोकं आहेत. दुसरं बरोबर तिथे आहे, जिथे दादाचं डोकं होतं.

वहिनी आत धावली. जॅकवर कुणी नव्हतं. दांडा गरम होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. सांगाडा विकला, नाहीतर जाळला, असं मला लिहायचं होतं. पण दादा ऐकत नाही. म्हणतो, पार्ट चांगले आहेत, एवढी मेहनत घेतली आहे, आता थोडंच राहिलंय. आणि राग म्हणाल तर त्याच्या मनात माझ्याविषयी अजिबात नाही. चूक कुणाच्याही हातून होते, म्हणतो.

मी आता तिकडे जात नाही.

वहिनी म्हणते, हे तुम्ही काय सांगता भाऊजी. रोज तर येता. शेडमध्ये बसता, चहा घेता. हल्ली फार बोलत नाही तुम्ही, एवढंच. फक्त अधूनमधून विचारता...

"सोडू?"